बिजागरी

सकाळचे सात. ब्रेकनच्या वरची टेकडी, मेंढ्या, धुकं,
आणि बांधावर एक अ‍ॅश
शेंड्याकडून वाळत खाली आलेला.
बुरशी वाऱ्यावरून आली म्हणतात.
या खोऱ्यात गेलेली झाडं
मोजायचं आम्ही केव्हाच सोडलंय.

टेलेरी असल्या झाडावर चढत नाही.
"मेलेला ओक मोडण्याआधी कुरकुरतो तरी," ती म्हणते,
"हा बोलतच नाही."
म्हणून शेजारच्या ओकला दोर बांधून
ती लोंबकळत येते याच्याजवळ
आणि एकेक फांदी उतरवते,
आजाऱ्याचा सदरा काढावा तशी,
बाही न ओढता.

मी खाली. माझं काम वर बघायचं.
बावीस वर्षं वर बघून मान अशी झालीय
की चॅपलमध्येही मला आधी छत दिसतं.
दोर धर, दोर सोड, फांदी ओढ, यंत्रात घाल.
आणि भुसा बघ.

भुसा बघायला इडवलनं शिकवलं,
तो गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात.
साल खोटं बोलते, पानंही बोलतात,
भुशाला ते जमत नाही.
पांढरे, नखाएवढे कपटे पडले, तर सगळं ठीक.
पीठ पडलं, तर करवतीचे दात बोथट.
तपकिरी पडलं,
तर ओरड.

अकराला प्रॉबर्टबाई चहा घेऊन आल्या.
"कुठं पडेल?"
मी चालत गेलो, पावलं मोजली, खुंटी ठोकली.
"इथं. शेंडा इथं."
त्या खुंटीकडे बघत राहिल्या,
चहा माझ्या हातात द्यायचा विसरून.

पाडायचं म्हणजे सगळं कापायचं नसतं.
पडायच्या बाजूला एक खाच,
कलिंगडाची फोड काढून चाखायला द्यावी तशी.
मग मागून सरळ घाव, खाचेच्या दोन बोटं वर.
मधे लाकडाची एक पट्टी राखायची,
खोडाच्या दहाव्या हिश्श्याएवढी.
ती बिजागरी.
झाड तिच्यावर फिरतं, सावकाश, दार लोटल्यासारखं.
कापलेल्याचं काय, ते कापलं.
जीव वाचतो तो न कापलेल्यावर.

खाच अर्ध्यावर आली आणि ठिणगी उडाली.
साखळी किंचाळली, टेलेरीनं करवत बंद केली
आणि एक शिवी दिली, आजीकडून आलेली, जुन्या वेल्शमधली.
कुऱ्हाडीनं फोड काढली.
आत लोखंड.
अंगठ्याएवढा जाड आकडा, वर वळलेला,
भोवतीचं लाकूड काळं पडलेलं,
जुन्या जखमेभोवती पडतं तसं.
फाटक अडकवायचा आकडा.
कुणीतरी जिवंत झाडालाच खांब केलं होतं
आणि झाड त्याला गिळून मोठं झालं होतं.
वरची वलयं मोजली. एक्याण्णव.
मग पुन्हा मोजली, त्र्याण्णव.

"फाटक? इथं?" प्रॉबर्टबाई म्हणाल्या.
"मी लग्न होऊन आले तेव्हा नव्हतं.
सासरेही कधी बोलले नाहीत."
त्यांनी बांधापलीकडे पाहिलं.
पलीकडे उतार, गवत, वाटेची खूणही नाही.
कुठं जायचं होतं कुणाला?

खाच हातभर वर नव्यानं घेतली.
मागचा घाव. पहिली पाचर, दुसरी.
पाचर मारली की कामं मोडतात, इथं होतात.
मग करवतीतून तपकिरी आलं
आणि मी ओरडलो.
टेलेरी थांबली, मागे सरली, हेल्मेट वर केलं.
आम्ही वरचा दोर विंचवर ताणला,
दात न् दात, जपून,
कारण कुजक्या लाकडाची बिजागरी
शब्द पाळेलच असं नाही.

पाळला.
खुंटीपासून चार फूट डावीकडे.
इडवलनं दिवसभर ऐकवलं असतं.

मेंढ्या आधी पळाल्या, मग एकेक करून आल्या,
नव्या उजेडात उभ्या राहिल्या
आणि चरायला लागल्या.

संध्याकाळी टेलेरी ट्रकच्या पायरीवर बसून
साखळीला कानस लावत होती.
एका दातावर तीन घास, लोखंडानं खाल्लेल्यावर सात.
आकडा प्रॉबर्टबाईंनी मागून घेतला.
काय करणार, मी विचारलं नाही.
निघताना आरशात दिसल्या:
खुंटाशी उभ्या,
हातातला आकडा हवेत धरून,
किती उंचीवर होता ते आठवत.